बारीक स्टबवाला

फाउंटन पेनच्या निबचे टोक साधारणपणे गोल असते. हे टोक सपाट कापले आणि त्याचे दोन्ही कोपरे कागदात रुतणार नाहीत इतपत घासून घेतले, की स्टब निब तयार होते. सपाटीची रुंदी एक मिलीमीटरच्या वर गेली तर ती जाड स्टब. अर्धा ते पाऊण मिलीमीटरच्या आसपास राहिली तर बारीक. साधी निब ज्याला अळणी लागते, जाड स्टब भडक वाटते, आणि या दोहोंच्या मधल्या पाव मिलीमीटरात ज्याने आपले सगळे समाधान बसवले आहे, तो बारीक स्टबवाला. महाराष्ट्रात तो बहुतेक ठिकाणी आढळतो. गोंदिया जिल्ह्यात सारस पक्ष्यांची गणना दरवर्षी होते, स्टबवाल्यांची होत नाही. सारस जोडीने राहतो. स्टबवाला एकेकटा असतो. चुकून दुसरा भेटलाच, तर दोघे एकमेकांच्या वहीत एकेक ओळ लिहितात, दोघेही "छान" म्हणतात आणि दोघेही आपलीच निब बरी असे मनाशी ठरवून घरी जातात.

स्टबचे काम समजायला सोपे आहे. पेन वरून खाली ओढले की टोकाची पूर्ण सपाटी कागदावर टेकते आणि रेघ जाड येते. पेन आडवे नेले की तीच सपाटी कडेने सरकते आणि रेघ बारीक येते. यासाठी जोर द्यावा लागत नाही, हात मुद्दाम वळवावा लागत नाही, सराव तर मुळीच लागत नाही. परिणामी ज्याच्या अक्षराला शाळेत कुणी कधी चांगले म्हटले नाही, त्याच्याही अक्षराला वळण आल्यासारखे दिसते. स्टबवाल्यांत बहुसंख्या अशांचीच आहे. ज्यांचे अक्षर मुळात मोत्यासारखे असते ते दहा रुपयांच्या बॉलपेनवरही खूश असतात. त्यांना निबची मदत नको असते. स्टबवाल्याला ती हवी असते, पण मदत मिळते आहे हे कबूल करायचे नसते. "निब छान आहे" असे कुणी म्हटले तर तो किंचित नाराज होतो. "अक्षर छान आहे" असे म्हटले तर चहा पाजतो.

बारीक स्टबच का, या प्रश्नाचे उत्तर देवनागरी लिपीत आहे. आज बाजारात मिळणाऱ्या स्टब निबा इंग्रजी लिहिण्यासाठी घडवलेल्या असतात, आणि त्यांतले सर्वांत रुळलेले माप १.१ मिलीमीटरचे. इंग्रजी अक्षर एकट्याने उभे राहते. मराठी अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात, पायाशी उकार असतो आणि पोटात अर्धे अक्षर. एवढा संसार शाळेच्या एकेरी वहीतल्या एका ओळीत मांडायचा असतो. १.१ च्या निबने तो मांडायला गेले की 'ष'च्या पोटातली रेघ बुजते आणि 'प' की 'ष' हा निर्णय वाचणाऱ्याच्या भलेपणावर सोडावा लागतो. 'क्ष', 'द्ध' आणि 'श्र' यांची तर नुसती काजळी उरते. सुटका दोनच: अक्षर मोठे काढा किंवा निब बारीक घ्या. अक्षर मोठे काढले की वही लवकर भरते, आणि वही लवकर भरणे हे मध्यमवर्गीय मनाला उधळपट्टीसारखे वाटते. म्हणून बारीक स्टब. शौक तर हवा, पण ओळीच्या बाहेर जाता कामा नये: या स्वभावाला दुसरी कुठलीही निब इतकी बरोबर बसत नाही.

नव्या निबची परीक्षा ठरलेली आहे. पेन हाती आले की मराठी माणूस आधी 'श्री' लिहितो. स्टबवालाही तेच लिहितो, पण भक्तीने कमी आणि तपासणीच्या नजरेने जास्त. 'श्र'च्या वरच्या वळणात कागदाचा पांढरा ठिपका शिल्लक राहिला पाहिजे. खालची तिरपी रेघ दांडीला मिळते तिथे शाईचे डबके साचता कामा नये. दीर्घ वेलांटीची कमान बारीक आणि तिचा काना जाड उतरला पाहिजे. शिरोरेघ सगळ्यांत बारीक. एवढे जमले की तो 'गोंदिया' लिहितो. तिथे त्याची नजर एकट्या अनुस्वारावर असते. साध्या निबचा अनुस्वार गोल येतो. स्टबचा चौकोनी येतो, तांदळाच्या कणीसारखा. धानाच्या जिल्ह्यात हे पाहून स्टबवाल्याला जे वाटते ते इतरांना समजावून सांगता येत नाही, तरी तो सांगतो.

या आवडीला तो पूर्वजही शोधून काढतो. महाराष्ट्रातल्या शाळांत विसाव्या शतकात बराच काळ मुले बोरूने कित्ता गिरवत. बोरूचे टोक गुरुजी चाकूने कापून देत आणि ते सपाटच असे. म्हणजे पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांपासून पणजोबांच्या जमाखर्चापर्यंत जवळपास सगळा मराठी व्यवहार स्टबनेच लिहिला गेला, असे त्याचे म्हणणे. यात तथ्य आहे. अडचण एवढीच, की देवनागरीचा बोरू तिरपा कापतात, आणि तोही इंग्रजी सुलेखनाच्या निबच्या उलट अंगाला. तिरपेपणाची दिशा बदलली की जाड कुठे आणि बारीक कुठे याचा सगळा हिशेब बदलतो. विकतच्या स्टबने बोरूचे वळण आणायचे तर वही भलत्याच कोनात ठेवावी लागते. काही कट्टर स्टबवाले तशी ठेवतात, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्याला आपण वाकडे बसलो आहोत की काय अशी शंका येते.

दुसरा आधार समर्थांचा. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, शाई काळीभोर असावी, पोथी आरंभापासून अखेरपर्यंत एकाच हातची दिसावी, असा त्यातला बारकावा. तरुणपणी काढलेले बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगाचे राहत नाही, म्हणून मध्यम लिहावे, असाही सल्ला त्यात आहे. हे वाचून स्टबवाला हरखतो. सुईच्या अग्रासारख्या निबने लिहिणारे आणि १.१ वाले या दोन्ही शत्रूंना समर्थांनी परस्पर निकालात काढले, असा अर्थ तो लावतो. बाकीचा दासबोध त्याने वाचलेला असतोच असे नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यात यापुढचे प्रकरण आहे. आमगावजवळचे पदमपूर हे भवभूतीचे पद्मपूर होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. आठव्या शतकातला हा नाटककार आपण विदर्भातल्या पद्मपूरचे, असे स्वतःच सांगून गेला आहे. 'उत्तररामचरित' सपाट टोकाच्या लेखणीनेच उतरले, हे आमगावचा स्टबवाला इतक्या खात्रीने सांगतो, की ती लेखणी त्याच्याच कपाटात असावी असे ऐकणाऱ्याला वाटते.

जिल्ह्यात या मंडळींचे तीन प्रकार ठळक दिसतात. पहिला निवृत्त शिक्षक. याने पस्तीस वर्षे लाल बॉलपेनने वह्या तपासल्या आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी लाल रंगाचा आणि बॉलपेनचा एकदमच त्याग केला. दुसरा सरकारी कार्यालयातला लिपिक किंवा विस्तार अधिकारी. याच्यापुढे दिवसभर संगणक असतो आणि टिपणीवरच्या सहीखेरीज हाताने लिहायचे काही उरलेले नसते. म्हणून सही लांबत जाते. तिसरा राइस मिलवाल्या घरातला तरुण. आजोबांच्या काळी मिलच्या गादीवर मुनीम लाल कापडाच्या चोपड्यांत लिहीत असे. आता हिशेब टॅलीत असतो आणि चोपडी दिवाळीच्या पूजेपुरती उरली आहे. त्या चोपडीवर स्वस्तिक आणि 'शुभ लाभ' लिहायचा मान हा तरुण मागून घेतो. वर्षातल्या एका संध्याकाळच्या दोन शब्दांसाठी त्याच्याकडे सात पेने असतात. महाविद्यालयातले काही विद्यार्थीही या वाटेला लागतात, पण स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतले गोल काळ्या बॉलपेननेच भरायचे असतात, हे कळले की बरेचसे परत फिरतात.

खरेदी हा या आयुष्यातला सर्वांत खडतर भाग. गोंदियाच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात फाउंटन पेन मागितले की दुकानदार आधी बाजारच्या हिंदीत विचारतो, "गिफ्ट देना है क्या सर?" आणि मखमली डबी काढतो. तिच्यात पेनच्या जोडीला चावीची साखळी आणि कार्ड ठेवायची पाकीटवजा पेटी असते. स्टब हवी म्हटल्यावर दुकानदार पोराला वर पाठवतो. पोरगा माळ्यावरून स्टेपलरच्या पिना घेऊन येतो. मग नागपूर. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून मुंबईला जाते, त्यामुळे सीताबर्डीच काय, थेट मुंबईच्या फोर्टपर्यंत एका गाडीची सोय आहे. पण निबसाठी मुंबईला चाललो असे घरात सांगता येत नाही, त्यासाठी एखादे लग्न किंवा दवाखाना लागतो. अलीकडे कुरियरने सगळे घरपोच येते. जपानच्या पायलट कंपनीची 'सीएम' खुणेची निब कारखान्यातूनच बारीक सपाट येते. जर्मन लॅमीच्या सपाट निबा १.१ पासून सुरू होऊन १.५ आणि १.९ पर्यंत जातात, म्हणून बारीकवाला त्यांच्याकडे वळून पाहत नाही. कानपूरला निबा बनतात, आणि त्या स्वस्त असल्यामुळे त्यांच्यावर प्रयोग करण्याची हिंमत होते.

प्रयोग म्हणजे साधी निब घरी घासून स्टब करणे. घड्याळ दुरुस्त करणारा डोळ्याला लावतो तसले भिंग, अतिशय बारीक पॉलिश पेपर आणि घरात कुणी नसलेली दुपार एवढे साहित्य पुरते. निब पॉलिश पेपरवर ठरल्या कोनात ठेवून आठाचे आकडे काढायचे, दर दहा-बारा फेऱ्यांनी भिंगातून पाहायचे, कागदावर 'श्री' लिहायचे. इथपर्यंत सगळे ठीक चालते. बिघडते ते "अजून थोडीशी" या दोन शब्दांनी. निबच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा जेमतेम दिसेल एवढा थर असतो. तो संपला की खाली मऊ पोलाद किंवा सोने लागते, आणि घासलेला धातू परत येत नाही. निब स्टब होते, पण चार वह्यांत झिजून कागद खरवडायला लागते. अशा निबा स्टबवाला फेकत नाही. त्या एका डबीत ठेवतो आणि त्या कशा बिघडल्या हे विचारल्यास कंपनीला दोष देतो.

शाईच्या बाबतीत मराठी माणसाला अभिमानाची जागा आहे. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या उद्योगाची सुरुवात घोडा छाप शाईच्या पुडीने आणि वडीने झाली. पुढे उंट आला आणि कॅम्लिन हे नाव शाळेच्या दप्तरातून घराघरांत गेले. बहुतेक स्टबवाल्यांची पहिली बाटली तीच असते. पुढे तो फिरंगी शायांकडे वळतो, कारण स्टबमधून शाई सढळ उतरते आणि जाड रेघेत एकाच रंगाच्या दोन छटा दिसतात, आरंभी फिकी आणि अखेरीस गडद. ही छटा दिसावी म्हणून तो कागद खिडकीशी नेतो आणि घरातल्या एकेकाला बोलावतो. पहिल्या खेपेला येतात.

कागदाचे दुखणे मोठे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातले बल्लारपूर हे देशातल्या नामांकित कागद कारखान्यांपैकी एकाचे गाव, या जंगलपट्टीतला बांबूच तिथे कागद होत आला. त्यामुळे कागदाबद्दल तक्रार करणे पूर्व विदर्भात जरा कृतघ्नपणाचे दिसते. तरीही वहीचा स्वस्त कागद स्टबची ओली रेघ पिऊन टाकतो. काठाला केस फुटतात, शाई मागच्या पानावर उतरते, जाड-बारीक सगळे एकसारखे होते. पावसाळ्यात याची हद्द होते. जुलैत धानाची रोवणी जोरात असते, हवा ओली, कपाटातले कागद नरम, आणि जपून ठेवलेल्या भारी वहीतही शाई पसरते. शेतकरी पाऊस आला म्हणून खूश आणि स्टबवाला त्याच पावसावर चिडलेला, पण गोंदियात हे उघड बोलणे धोक्याचे आहे. उन्हाळ्याची तऱ्हा उलटी. पारा पंचेचाळिसाकडे गेला की टोपण उघडून दोन वाक्ये विचार करेपर्यंत निब सुकते. ड्रॉपरने शाई भरायचे जुन्या पद्धतीचे पेन अर्धे रिकामे असेल, तर आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला निबखालच्या जिभेवरून बाहेर ढकलते. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाखालचा निळा डाग ही त्याची मे महिन्यातली ओळख. लिहिण्याला खरोखर अनुकूल असा काळ डिसेंबर-जानेवारीचा. त्या दिवसांत नवेगावबांधला परदेशी पाखरे येतात आणि स्टबवाल्याची रोजनिशी भरते.

रोजनिशीत काय असते, हे इथेच सांगितलेले बरे. पहिल्या पानांवर निब, शाई आणि कागद यांची नोंद असते. पुढच्या पानांवर दुसऱ्या निबची. क्वचित "आज पाऊस" असे एखादे वाक्य येते, पण तेही 'ऊ'साठी. लिहिण्याचे साधन इतके उत्तम जमल्यावर लिहायचे काय, हा प्रश्न या जमातीला आरंभापासून छळत आला आहे. किराण्याची यादी तीनदा लिहिली जाते. दुसऱ्याच्या कविता उतरवून घेतल्या जातात. शेवटी समाजच त्याच्या मदतीला येतो, कारण हाताने लिहिलेलेच शोभते अशी काही कामे अजून शिल्लक आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनातली प्रमाणपत्रे, निवृत्त होणाऱ्याचे मानपत्र, शारदोत्सव मंडळाची पावतीपुस्तके, लग्नपत्रिकांच्या पाकिटांवरची नावे. आणि आहेराची वही.

आहेराची वही हे स्टबवाल्याच्या आयुष्यातले शिखर. मांडवाच्या तोंडाशी टेबल, त्यावर दोनशे पानी वही, शेजारी पाकिटे टाकायची पेटी आणि मागे यजमानांचा विश्वासू माणूस. लिहिणाऱ्याने नाव, गाव आणि रक्कम एवढेच लिहायचे असते. इतर कुणी बसला तर एका पाहुण्याला दहा सेकंद लागतात. स्टबवाला आधी वही किंचित तिरकी करतो, डाव्या हाताखाली टिपकागद सरकवतो, टोपण उलट्या टोकाला न लावता बाजूला ठेवतो, आणि मग विचारतो, "नाव?" इथून पुढे वेग आडनावावर अवलंबून असतो. स्टबला उभी दांडी प्रिय. 'बिसेन' या तीन अक्षरांत वेलांटीसकट चार दांड्या आहेत. त्या चारही जाड, डौलदार आणि एका उंचीच्या आल्या पाहिजेत. 'रहांगडाले' आले की तो मनगट मोकळे करून घेतो. 'कटरे' मात्र दोन क्षणांत आटोपते, कारण त्यात 'क'ची एकच दांडी. बाकी सगळे गोलवे, आणि गोलव्यात बारीक स्टबचे कसब फारसे दिसत नाही. गावांचेही तसेच आहे. 'देवरी' पटकन होते. 'अर्जुनी मोरगाव' लिहिताना रफार 'ज'च्या बरोबर माथ्यावर बसावा म्हणून श्वास रोखला जातो.

रांग वाढते. पन्नास-साठ माणसे हातात पाकीट धरून उन्हात उभी असतात आणि आतून पुरीचा वास येत असतो. "आटपा ना जी गुरुजी, पंगत बसून राहिली!" असा आवाज मागून येतो. गुरुजी मान वर न करता 'एकशे एक' अक्षरी लिहितात. नवरीचा मामा मधे पडून सुचवतो की नुसते नाव लिहा, गाव मागून भरू. गुरुजींना हे मान्य नसते. ओळ अर्धी सोडली की शाईची छटा बदलते. अखेर मामा शेजारच्या टेबलावर एका पोराला बॉलपेन देऊन बसवतो आणि तीन चतुर्थांश रांग तिकडे सरकते. उरतात ते बिसेन आणि रहांगडाले. त्यांना आपले नाव कसे उमटते ते पाहायचे असते. यात हसण्यासारखे पुष्कळ असले तरी एक गोष्ट स्टबवाल्याच्या बाजूची आहे. आहेराची वही घरात वर्षानुवर्षे राहते, कुणाच्या लग्नात किती परत करायचे ते तिच्यावरून ठरते, आणि वीस वर्षांनी ती उघडली की पोराने लिहिलेल्या पानांवरची अर्धी नावे लागत नाहीत; गुरुजींची लागतात. फक्त गुरुजींनी त्या दिवशी धुतली जाणारी शाई वापरलेली नसावी.

कचेरीत त्याला एवढी मोकळीक नसते. तीन प्रतींचा फॉर्म कार्बन ठेवून भरायचा तर पेन दाबावे लागते, आणि स्टब दाबली की निबचे दोन्ही पाय फाकतात. वरची प्रत देखणी येते, खालच्या दोन कोऱ्या राहतात. एका चौकटीत एकच अक्षर लिहा, असे सांगणारे अर्ज तर जणू बारीक स्टबच्या विरोधातच छापलेले असतात, कारण इंग्रजी अक्षरासाठी आखलेल्या त्या चौकटीत 'क्षी' बसवायची असते. शाईच्या रंगालाही दर्जा आहे. हिरवी शाई साहेबांची, असा कचेरीतला जुना समज. एका टिपणीवर मोरपिशी शाई वापरलेल्या लिपिकाला ती हिरवी की निळी याचा तोंडी खुलासा करावा लागतो, आणि खुलाशात तो शाईचे नाव, छटा आणि मिळण्याचे ठिकाण इतक्या तपशिलाने सांगतो की साहेबच विषय मिटवतात. बँकेतली अडचण सहीची. खाते उघडताना सही बॉलपेनने केलेली असते. स्टबने केलेली सही तिच्याशेजारी ठेवली की हात एक पण माणसे दोन वाटतात. धनादेश परत येतो. त्यावर आपली नमुना सही नव्याने, स्टबने, द्यायचा अर्ज तो करतो. अर्ज फार सुंदर असतो.

घरचा हिशेब वेगळ्या नाण्यात चालतो. गोंदियात कुठल्याही खर्चाचे धानात रूपांतर होते. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलमागे २३०० रुपये होती. चौदा हजारांचे सोन्याच्या निबचे पेन म्हणजे सहा क्विंटल धान. हा भाव घरात कुणालाही तोंडपाठ असतो, म्हणून स्टबवाला खरी किंमत एकदम सांगत नाही. पेन तीनशेचे, निब "जुनीच होती", आणि शाई मित्राने दिली, अशा तीन हप्त्यांत सांगतो. कुरियरवाल्याने पावती बायकोच्या हातात दिली की हे सगळे एका वाक्यात संपते: "सहा क्विंटल धान खिशाले लावून हिंडून राह्यले का जी?" यावर कुठलेही उत्तर चालत नाही. तो आठवडाभर साधे पेन लावतो. नंतर तिच्या माहेरच्या लग्नाची पाकिटे लिहायची वेळ येते, आणि सहा क्विंटल पुन्हा खिशात जाते.

उसने देण्याची बाब शेवटी. स्टबवाला पैसे उसने देतो, मोटारसायकल देतो, प्रसंगी जामीनही राहतो. पेन देत नाही. याला तांत्रिक कारण आहे. सपाट टोक कागदावर सपाटच टेकले पाहिजे. बॉलपेन हातात कसेही फिरवले तरी चालते, ती सवय असलेला माणूस स्टबही फिरवतो. टोकाचा एक कोपरा उचलला जातो, रेघ तुटते, आणि "शाई संपली वाटते" म्हणत तो जोर लावतो. इतक्या वेळात सहा क्विंटलांचे जे व्हायचे ते झालेले असते. म्हणून अनुभवी स्टबवाला खिशाला दोन पेने लावून हिंडतो, एक लिहायचे आणि एक द्यायचे. पोस्टात, बँकेत किंवा तहसील कचेरीत सहीपुरते पेन हवे असेल, तर त्याच्याकडचे खटक्याचे मागावे. ते लगेच मिळते, आणि परत करायचे विसरले तरी तो मागे येत नाही.